लाल चाकाचा हुकूम

गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे चावीवाला म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं त्याला, पण ते शाळेच्या दाखल्यावर आणि पगाराच्या कागदावर, दोनच जागी. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना 'आमचे चावीवाले' असंच म्हणायची. अंगानं वाळका, मानेनं लांब, आणि खांद्यावर कायम ती चार फुटी लोखंडी चावी, टोकाला आडवा दांडा असलेली. ती वाहून वाहून त्याचा डावा खांदा दोन बोटं खाली आला होता. त्यामुळं तो नुसता उभा राहिला तरी आपलं बोलणं ऐकायला अदबीनं वाकलाय असं समोरच्याला वाटे. साहेब लोक खूश होत. वाकला-बिकला काही नव्हता. मनातल्या मनात तो समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरत असायचा.

गावाबाहेर टेकडीवर दगडी टाकी होती, इंग्रजांच्या काळातली. टाकीच्या पायथ्याशी चावीघर. एकच खोली, दगडाची, ग्रीसच्या आणि ओल्या पोत्यांच्या वासानं भरलेली. आत सायकलच्या चाकाएवढी लोखंडी चाकं ओळीनं उभी. पहिलं चाक वरच्या आळीचं. तिथं पूर्वी गोरे साहेब राहायचे आणि आता त्यांच्या खुर्च्यांवर बसलेले आपले साहेब. दुसरं बाजाराचं. तिसरं दवाखान्याचं आणि गिरणीचं. चौथं खालच्या गावाचं. हे मात्र नावाला चाक. बशीएवढं होतं आणि दोन इंची नळीवर बसवलेलं. निम्म्याहून जास्त वस्ती खालच्या गावात, आणि त्या सगळ्यांच्या घशाला ही दोन इंची नळी. नळाला पाणी यायचं ते रडक्या पोराच्या नाकासारखं, थांबून थांबून.

पाचवं चाक लाल होतं. बाकीची सगळी काळी, हे एकटं लालभडक, आणि सगळ्यांत दांडगं. त्याला हात लावायचा नाही. वर्षातून एकदा रंग द्यायचा आणि वहीत सही करायची. चावीवाल्याच्या आजाला हे खुद्द गोऱ्या साहेबानं सांगितलं, आजानं बापाला, बापानं याला. हात लावला तर काय होतं, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बाप म्हणायचा, टाकी फुटेल. शेजारचा शिंपी म्हणायचा, खाली भुयार आहे आणि त्यात इंग्रजांनी इथून नेता न आलेला ऐवज पुरलाय. मधे तीन इंजिनियर येऊन गेले. तिघांनीही लाल चाकाकडं बघून भुवया उंचावल्या, आणि 'जुना हुकूम आहे' असं ऐकल्यावर तिघांनीही त्या परत जागेवर आणल्या.

चावीवाल्यानं एकतीस वर्षं रंग दिला. मनापासून दिला. कोपऱ्याकोपऱ्यात बारका ब्रश घालून दिला. त्याला विचारलं असतं की बाबा, तुझ्या हातून आयुष्यात नीटनेटकं असं काय झालं, तर त्यानं ते चाकच दाखवलं असतं.

संध्याकाळी घरी जाताना तो शिंप्याच्या दुकानासमोरच्या बाकावर टेकायचा. तिथं रोजचा सामना चालू असे. एका बाजूला शिंपी, मशीनवर पाय मारत. दुसऱ्या बाजूला मास्तर, निवृत्त, इतिहास शिकवायचे. विषय एकच: इंग्रजांनी आपलं भलं केलं की वाटोळं.

मास्तरांचं म्हणणं, इंग्रज आला म्हणून आपण माणसात आलो. पोस्ट आलं, कायदा आला, घड्याळ आलं, ही पाण्याची टाकी आली. तो गेला तेव्हा आपल्या हातात चालता गाडा देऊन गेला. शिंप्याचं म्हणणं, गाडा दिला पण आधी बैल विकून खाल्ले. आपला कापूस नेला, तिकडून कापड करून आपल्यालाच विकलं, आणि आपल्या विणकरांना उघडं केलं. त्याचा स्वतःचा आजा विणकर होता. त्याचा नातू आज लोकांच्या विजारींना काजं करत बसलाय, हाच पुरावा. मास्तर म्हणायचे, ज्या मशीनवर बसून शिव्या देतोस ते मशीन कुणी आणलं. शिंपी म्हणायचा, चोरानं घर धुऊन नेलं आणि जाताना झाडू विसरला, तर झाडूची आरती ओवाळायची का. इतकं झालं की मास्तर उठून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर.

चावीवाल्याला दोघांचंही पटायचं. जो शेवटी बोलेल त्याचं जास्त पटायचं. पण त्याला त्या वादात रस नव्हता. तो टेकायचा, कारण घरी जायला त्याचा पाय उचलत नव्हता.

घरी बायको होती आणि तिचा गुडघा होता. खालच्या गावात पाणी यायचं पहाटे, तेही चाळीस मिनिटं. घरातल्या नळाला तर गेली कित्येक वर्षं थेंब नव्हता. दाब इतका कमी की पाणी उंबऱ्यापर्यंत चढतच नसे. आळीच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ, तिथं रांग. बायकोनं लग्न होऊन आल्यापासून त्या रांगेत हंडे-बादल्या भरल्या होत्या. शेजारणी रांगेत तिला बोलून घ्यायच्या, की अख्ख्या गावाला पाणी पाजणाऱ्याची बायको ना तू, तुझी पाळी आमच्या मागं कशी. ती बरीच वर्षं हसली. मग गुडघा गेला आणि हसूही गेलं.

एके दिवशी पहाटे ती भरली बादली घेऊन येताना पायरीवर बसली, ती लवकर उठेना. पडली नव्हती, लागलं नव्हतं. बसल्या बसल्या तिनं शांतपणे बादली कलंडली आणि सगळं पाणी रस्त्यावर जाऊ दिलं. मग घरात येऊन ट्रंक भरली.

"मी ताईकडं चाललेय," ती म्हणाली. "तिच्याकडं नळ फिरवला की पाणी येतं. आपल्या नळाला पाणी आलं की सांगा, मी येईन. नाही आलं तर मला तिथं काही कमी नाही."

तिची थोरली बहीण वरच्या आळीत राहायची. तिचा नवरा, म्हणजे चावीवाल्याचा साडू, नगरपालिकेत हेडक्लार्क. बंगला साहेबाच्या वेळचा, पुढं बाग, बागेत नळ. तो नळ दिवसभर चालू असे. म्हणजे चावीवाला रोज पहाटे उठून पहिलं चाक फिरवायचा, ते साडूच्या मोगऱ्याला पाणी घालायला.

पहिल्या आठवड्यात चावीवाल्यानं भात तीनदा करपवला आणि भांडी घासायला पाणी नाही म्हणून त्याच पातेल्यात चौथ्यांदा शिजवला. दुसऱ्या आठवड्यात तो साडूकडं गेला. बायको मोरीत भांडी घासत होती आणि वरून धार धो धो पडत होती. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान त्यानं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. गंमत म्हणून तो म्हणाला, पहिलं चाकच बंद करतो, मग बघू कशी राहतेस. ती मान वर न करता म्हणाली, करा की, मग मी इथून पुढं दादाकडं जाईन, तिथं तर नदीच आहे. तो चहा न घेताच परत आला. मुळात चहा कुणी विचारलाही नव्हता.

आता तिला परत आणायचं तर घरच्या नळाला पाणी आणायला हवं, आणि पाणी आणायचं तर दोन इंची नळीतून आणायचं. साडेतीन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. मग म्हातारपणी करपलेला भात खात एकटंच बसायचं.

त्याच सुमाराला टाकीला शंभर वर्षं पूर्ण होत होती. नगराध्यक्षांनी ठरवलं, समारंभ करायचा आणि एक पुस्तिका काढायची. पुस्तिका लिहायला गावात मास्तरांशिवाय कोण. मास्तरांना तर आभाळ ठेंगणं झालं. शिंप्याला ते म्हणाले, आता कागदोपत्री सिद्ध करतो की इंग्रज नसता तर तू आज डबक्यातलं पाणी पीत असतास. त्यांनी चावीवाल्याकडं जुनी वही मागितली. चावीघरातल्या लोखंडी पेटीत ती होती, चामड्याच्या बांधणीची, उशीएवढी जाड. चावीवाला दर वर्षी तिच्यातल्या लाल चाकाच्या पानावर खाली सही करायचा. पानाच्या माथ्यावर साहेबाच्या हातचा इंग्रजी मजकूर होता, वळणदार, वेलबुट्टीसारखा. चावीवाल्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याला ती नक्षीच वाटायची.

वही त्यानं शिंप्याच्या दुकानात आणून दिली. मास्तरांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि लाल चाकाच्या पानापासूनच सुरुवात केली, कारण वहीला खूण तिथंच घातलेली होती. आधी इंग्रजीत वाचलं, मोठ्यानं, ऐटीत. तिसऱ्या ओळीला ऐट उतरली. मग नुसतेच ओठ हलायला लागले.

शिंप्यानं मशीनवरचा पाय थांबवला. म्हणाला, "मास्तर, मराठीत सांगा. आम्ही अडाणी माणसं."

मास्तरांनी सांगितलं. मोठे लाटसाहेब गावाला भेट द्यायला आले, त्या दिवशी खालच्या गावातली माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसली होती. पण स्वारी आली तशी सगळ्यांनी पाठ फिरवली. दोन हजार पाठी, आणि मधून लाटसाहेबांची गाडी. म्हणून शिक्षा: खालच्या गावाची मोठी वाहिनी पंधरा दिवस बंद. लोक तहानेनं मरू नयेत यासाठी तात्पुरती दोन इंची नळी जोडावी. बंद केलेल्या चाकाला लाल रंग द्यावा, म्हणजे चुकून कुणी उघडणार नाही. पंधरा दिवसांनी माझ्याकडून पुढचा हुकूम घ्यावा. खाली साहेबाची सही. तारीख शहात्तर वर्षांपूर्वीची.

मग शिंपी उठला, आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून तीन चहा सांगितले. एवढा आनंद त्याला पोराच्या लग्नात झाला नव्हता. तो मास्तरांच्या पाठीवर थापा मारायला लागला. घ्या तुमचा कायदा, घ्या तुमची टाकी, म्हणाला. माणसानं तोंड फिरवलं म्हणून त्याच्या पोराबाळांचं पाणी तोडणारी जात, आणि तुम्ही त्यांची पुस्तिका काढताय. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

चावीवाल्यानं मात्र वेगळंच विचारलं. "मग पंधरा दिवसांनी काय झालं?"

मास्तरांनी पुढं वाचलं. अकराव्या दिवशी त्या साहेबाची बदली झाली. बाराव्या दिवशी नवा साहेब आला, त्यानं 'वाचले' असं लिहून सही केली. पुढच्या वर्षी 'लाल चाकाला रंग दिला', सही. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मग एकाएकी शाई बदलली, अक्षर बदललं, भाषा बदलली. आपल्या भाषेतली ती पहिली ओळ मास्तरांनी दोनदा वाचली: 'आज देश स्वतंत्र झाला. सर्व कामकाज पूर्वीप्रमाणे चालू ठेवावे.' आणि तिच्या खाली: 'लाल चाकास रंग दिला.'

त्याच्या खालीही तेच. पान भरून तेच, पाठच्या पानावर तेच. चौऱ्याहत्तर वर्षं. साहेब गेला, झेंडा बदलला, टाकीवर रोषणाई झाली, पेढेवाटप झालं असेल नसेल, आणि दुसऱ्या दिवशी आजानं रंगाचा डबा उघडला.

"ह्या सह्या कुणाच्या?" शिंप्यानं विचारलं. चावीवाल्याच्या आजाचा अंगठा, बापाची सही, त्याची स्वतःची एकतीस वेळा, ते तर दिसतच होतं. पण शेजारी दुसरी सही होती, तपासणाऱ्या हेडक्लार्कची. त्यात एकोणीस वर्षं एकच सही होती, ठसठशीत, शेपटीला गाठ मारलेली. ती मास्तरांच्या वडिलांची. मास्तर अभिमानानं सांगायचे की वडिलांचं इंग्रजी असं, की गोरे साहेब त्यांच्याकडून अर्ज तपासून घ्यायचे. म्हणजे त्यांना वरचा मजकूर वाचता येत नव्हता, असं म्हणायलाही जागा नव्हती.

शिंप्यानं हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचं ठरवलं होतं. पण पान उलटताना समासात चिकटवलेला एक ठराव निघाला. 'लाल चाकाचा रंग लवकर उडतो, सबब यापुढे उत्तम प्रतीचा रंग वापरावा.' सूचक म्हणून जो सभासद होता तो शिंपी. वीस वर्षांपूर्वी तो एकदा निवडून आला होता, इंग्रजांच्या नावानं बोटं मोडत. पाच वर्षांत त्यानं मांडलेला हा एकमेव ठराव, आणि तो एकमतानं मंजूर झाला होता.

तिन्ही चहा गार झाले. शेवटी मास्तर म्हणाले, पहिली चूक त्यांचीच. शिंपी म्हणाला, हो, पण पंधराच दिवसांची. दोघांनी आयुष्यात प्रथमच आपापली बाजू सोडली होती आणि चुकून एकमेकांची धरली होती. ते लक्षात आल्यावर मास्तर चष्मा पुसायला लागले आणि शिंपी मशीनवर जाऊन बसला.

चावीवाला वही बगलेत मारून तडक साडूकडं गेला. साडूनं चष्मा लावून हुकूम वाचला आणि मान डोलावली. हुकूम रीतसर होता, असं त्याचं मत पडलं. रद्द करायचा तर हुकूम काढणाऱ्यानं करावा किंवा त्याच्या वरच्यानं. काढणारा साहेब मरून कधीच माती झाला असणार. त्याचा वरचा लाटसाहेब, तोही तसाच.

"मग?" चावीवाल्यानं विचारलं.

"मग हुकूम कायम," साडू म्हणाला. "रद्द करायला माणूस उरला नाही म्हणजे हुकूम पक्का झाला."

चावीवाल्यानं हातापाया पडून पाहिलं. साडूनं समजुतीच्या सुरात सांगितलं की एवढ्यात काही काढू नकोस, नगराध्यक्षांचा समारंभ आहे, शंभर वर्षांच्या कौतुकात हे कुठं घुसडतोस. समारंभ झाला की अर्ज कर, समिती नेमू. आणि परवानगीवाचून चाकाला हात लावलास तर पेन्शनला मुकशील, साडू म्हणून सांगतो. बोलता बोलता त्यानं बागेतला नळ पायानंच थोडा मोठा केला.

दारातून निघताना बायकोनं हाक मारली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. वही तिनं हातात घेतली, सह्यांवरून ओलं बोट फिरवलं.

"तुम्ही किती वेळा रंगवलंत?"

"एकतीस."

"चांगलं रंगवलंत," ती म्हणाली. "चावीघराच्या उघड्या दारातून लांबून दिसायचं मला, हंडा डोक्यावर असताना."

एवढंच बोलली, वही परत दिली आणि आत गेली. शिव्या घातल्या असत्या तर त्याला परवडलं असतं. टेकडी चढेपर्यंत ते वाक्य त्याच्या मानगुटीवर बसून राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून चावीवाला कामाला लागला. लोकांना वाटलं, समारंभाची साफसफाई चालू आहे. त्यानं लाल चाकाच्या मधल्या दांड्यावरचा रंग छिन्नीनं खरवडायला घेतला. थराखाली थर, कांद्यासारखा. वरचे थर त्याच्या हातचे, गुळगुळीत. त्याखाली बापाचे, जाडेभरडे; बाप घाईचा माणूस होता. त्याखाली आजाचे. हा सगळा लाल रंग दांड्यावर असा चढला होता की चाकाला कुणी कुलूप घालायची गरजच नव्हती. तिघांनी मिळून ते रंगानंच बुजवलं होतं. आठ दिवस तो रॉकेल ओतत राहिला आणि ठोकत राहिला. कडेचा रंग मात्र त्यानं तसाच ठेवला. उलट ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत केला. आणि समारंभाच्या दिवशी सकाळी उरलेल्या चारही काळ्या चाकांना त्यानं ग्रीस फासलं. नेहमी चिमूटभर लावायचा, त्या दिवशी अख्खा डबा संपवला.

नगराध्यक्ष आले ते बगळ्यासारखे पांढरेशुभ्र. कडक इस्त्री, पांढरे बूट. चावीघर माणसांनी भरलं. साडू फायली घेऊन पुढं, मास्तर पुस्तिका आणि जुनी वही घेऊन मागं, शिंपी नुसताच आलेला. नगराध्यक्षांनी भाषण केलं, त्यात इंग्रजांचे आभार मानले आणि इंग्रजांचा निषेधही केला, एकाच वाक्यात, कारण निवडणूक जवळ होती. मग फोटोवाला म्हणाला, साहेब, एखादं चाक फिरवताना घेऊ.

नगराध्यक्ष पहिल्या चाकाशी गेले आणि ग्रीस बघून थबकले. दुसऱ्याशी गेले, तिसऱ्याशी गेले. फोटोवाला म्हणाला, साहेब, ते लाल फोटोत उठून दिसेल. चावीवाला मान खाली घालून उभा होता. खाली आलेला खांदा त्या दिवशी फार उपयोगी पडला.

"हे चालतं ना?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"साहेबांनी हुकूम दिला तर चालेल," चावीवाला म्हणाला.

"दिला," नगराध्यक्ष म्हणाले.

मास्तरांनी खिशातून पेन काढलं, वही उघडली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'आज नगराध्यक्षांनी स्वहस्ते लाल चाक उघडण्याचा हुकूम दिला.' वाचून दाखवलं आणि सहीला वही पुढं केली. पुढं केलेल्या कागदावर सही करायची नगराध्यक्षांना सवयच होती. साडूचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल चाकासारखा. पण आतबाहेर जमलेल्या दीडशे माणसांसमोर नगराध्यक्षांचा हात धरायचा म्हणजे स्वतःची बदली ओढवून घ्यायची. तो नुसताच खोकला. नगराध्यक्षांनी त्याला पाणी प्या म्हणून सांगितलं.

त्यांनी चाकाला हात घातला. फोटो निघाला. चाक मात्र हललं नाही. नगराध्यक्षांनी दात आवळून पुन्हा जोर केला, कारण लोक बघत होते. तेव्हा चावीवाल्यानं आपली चार फुटी चावी चाकाच्या आऱ्यांत अडकवली. शिंपी पुढं झाला. मास्तरही पुढं झाले, चष्मा खिशात ठेवून. तिघं दांड्याला लोंबकळले. शिंपी म्हणत होता, मास्तर, तुम्ही उलटीकडं ओढताय, जन्मभर तेच केलंत. मास्तर म्हणत होते, तू नुसता तोंडानं ओढतोस. आणि मधेच जमिनीखालून एक आवाज आला. म्हातारा रेडा झोपेतून उठताना देईल तसा. चाक बोटभर सरकलं, मग वीतभर, आणि मग गरागरा फिरायला लागलं. पायाखालची फरशी थरथरली. टाकीतलं पाणी खाली निघालं.

टाळ्या पडल्या. त्या अजून चालू होत्या तोवर खालून पहिला माणूस धापा टाकत वर आला.

त्याचं असं झालं होतं. खालच्या गावात घरोघरी नळ होते, टाकी बांधली तेव्हाचे. मोठी वाहिनी बंद झाल्यापासून त्यांना पाणी आलंच नाही, त्यामुळं ते कुणी कधी बंद केले नव्हते. बंद करायचे कशाला. कुणी त्यांवर टोप्या अडकवल्या होत्या, कुणी पिशव्या, कुणी छत्र्या. एका घरात नळाच्या तोंडात उदबत्ती खोचायची पद्धत पडली होती. शेकडो नळ, सगळे सताड उघडे. आणि त्यांतून आता आधी हवा आली, मग गंज, मग दोन-चार पाली, आणि मग मनगटाएवढी तांबडी धार. लोकांना काही कळेना. एक म्हातारी तर नळाला हात जोडून 'पुरे पुरे' म्हणत होती. बंद करायला गेलं तर नळ जागचे हलत नव्हते, आणि जे हलले त्यांच्या तोट्या हातात आल्या. रस्त्यात तीन ठिकाणी कारंजी उडाली, त्यातलं एक मास्तरांच्या दारात.

चावीवाला पळत घरी गेला. स्वतःचा नळही उघडाच असणार हे गावभर पाणी सोडणाऱ्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. घरात घोट्यापर्यंत पाणी. करपलेलं पातेलं तरंगत दारापर्यंत आलेलं. आणि पाण्यात पाय रोवून बायको उभी होती. बातमी वरच्या आळीत पोचायला किती वेळ लागतो. ट्रंक तिनं खाटेवर ठेवली होती आणि दोन्ही हातांचे अंगठे नळाच्या तोंडात दाबून धरले होते.

तो दारात थांबला. ती काहीतरी गोड बोलेल अशी त्याची अपेक्षा होती.

"बघता काय," ती म्हणाली. "वायसर आणा."

वायसर आणायला तो बाजारात गेला तर लोखंडी सामानाच्या दुकानासमोर अख्खं खालचं गाव ओलं होऊन उभं. वायसर म्हणजे रबराची एवढीशी चकती, पण ती खालच्या गावात कुणी कधी विकत घेतली नव्हती. दुकानदाराकडं बारा होत्या, तेरावीला मारामारी झाली. चावीवाल्यानं सायकलची जुनी ट्यूब कापून आणली. तोवर दोन तास झाले होते. बायको त्याच जागी, त्याच अंगठ्यांवर, आणि शेजारणी दारात जमून तिच्याशी गप्पा मारत होत्या. गुडघ्याचं नावसुद्धा तिनं काढलं नाही.

त्यानं चकती बसवली. नळ बंद झाला. तिनं तो उघडला, धार बघितली, बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. असं सात-आठ वेळा केल्यावर तिनं पाणी बाहेर लोटायला घेतलं आणि त्याच्या हातात दुसरा झाडू दिला.

पुढं नगरपालिकेत काय काय झालं ते सांगायला बसलं तर दुसरी वही लागेल. नगराध्यक्षांनी रात्रभर विचार करून सकाळी जाहीर केलं की खालच्या गावाला पाणी देण्याचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. सही त्यांचीच होती, त्यामुळं चावीवाल्याच्या पेन्शनला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मास्तरांच्या पुस्तिकेची चार पानं बदलावी लागली. बदलून काय लिहायचं, यावर ते आणि शिंपी अजून भांडतात. हल्लीचा मुद्दा असा, की कुलूप घालणारा जास्त दोषी की कुलपाला रंग देणारा. चावीवाला बाकावर टेकत नाही. त्याला घरी जायची घाई असते.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "ताईकडं माझी उशी राहिलीय, घेऊन या. आणि साडूंना सांगा, तुमच्याकडं पाण्याची अडचण असेल तर आमच्याकडून भरून न्या. संकोच करू नका म्हणावं."

चावीवाला वरच्या आळीत गेला. वाटेत निरोप कसा सांगायचा याची त्यानं तीन-चार तऱ्हेनं उजळणी केली, एकदा नम्रपणे, एकदा नाक वर करून. पण टाकी एकच आणि आता वाटेकरी झाला होता खरोखरीचा. वरच्या आळीचा दाब उतरला होता. फाटकातून आत शिरल्यावर त्याला दिसलं की साडू बागेत ओणवा झालाय, एक डोळा मिटून, दुसरा नळाच्या तोंडाला लावून आत बघतोय. मोगऱ्याखालची माती भेगाळली होती.

चावीवाला थोडा वेळ मागं उभा राहिला. मग म्हणाला, "उशी न्यायला आलोय," आणि साडू वळायच्या आत घरात गेला.